द्राक्षाचे मराठी चॅनेल: प्रेक्षक कोण, हे ठरवण्याच्या नोंदी

८ जुलै २०२४

यूट्यूबवरचे हे चॅनेल गोडी छाटणीच्या (फळांसाठी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या छाटणीच्या) हंगामासाठी उभे करायचे आहे. पहिला व्हिडिओ सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात जायला हवा. कॅमेरा, कॉलर माईक, एडिटिंग यांची जुळवाजुळव ऑगस्टमध्ये होईल. त्याआधीचे काम एवढेच, की व्हिडिओ नेमका कोणासाठी हे एका पानावर लिहून काढणे.

'महाराष्ट्रातील द्राक्ष उत्पादक, पुरुष, वय २५ ते ५५, स्मार्टफोन वापरणारा' असे वर्णन लगेच सुचते. ते बाद. ज्या वर्णनावरून पुढचा व्हिडिओ कोणता हे ठरत नाही, ते कितीही बरोबर असले तरी कामाचे नाही. बागेत डाऊनी (पाने आणि घडांवरचा बुरशीजन्य रोग) शिरली की पंचविशीतल्या आणि पंचावन्नच्या बागायतदाराला एकच प्रश्न पडतो. उलट एकाच गावातल्या, एकाच वयाच्या दोघांपैकी एकाची छाटणी २० सप्टेंबरची आणि दुसऱ्याची २५ ऑक्टोबरची असेल, तर नोव्हेंबरातल्या एकाच संध्याकाळी दोघांना वेगवेगळे व्हिडिओ लागतात. द्राक्षात माणूस वयाने ओळखायचा नाही, बागेच्या दिवसाने, म्हणजे छाटणीला किती दिवस झाले त्यावरून, ओळखायचा.

११ जुलै

द्राक्षाचे व्हिडिओ कोण कोण बघतो याची यादी केली. स्वतःची बाग स्वतः बघणारा दोन-तीन एकरवाला. दहा-पंधरा एकरांचा निर्यातदार, ज्याच्याकडे पगारी सल्लागार आहे. छाटणी आणि विरळणीच्या (घडातले जास्तीचे मणी काढण्याच्या) टोळ्यांचे मुकादम. कृषी सेवा केंद्राचे दुकानदार आणि कंपन्यांचे प्रतिनिधी. कृषी पदवीचे विद्यार्थी. नवीन लागवड करू का, या विचारात असलेले. शिवाय कर्नाटकातल्या विजयपूर भागातले मराठी समजणारे बागायतदार.

यांतल्या प्रत्येकाला थोडे थोडे देणारा व्हिडिओ कोणाच्याच कामाचा राहत नाही. विद्यार्थ्याला डाऊनीच्या बुरशीचे जीवनचक्र हवे असते. दुकानदाराला बाजारात नवीन काय आले ते हवे असते. दोन एकरवाल्याला मात्र उद्या सकाळी ब्लोअर (फवारणीचे यंत्र) काढायचा की नाही, हे आज रात्री ठरवायचे असते. जीवनचक्र सांगत बसलो तर तो चौथ्या मिनिटाला निघून जातो, आणि थेट मात्रेवर आलो तर विद्यार्थ्याला काही कळत नाही.

निवड करताना तीन कसोट्या धरल्या. फवारणीचा अंतिम निर्णय कोण घेतो? त्या निर्णयासाठी त्याला दुसरीकडे सहज सल्ला मिळतो का? आणि पूर्ण हंगामात त्याला आपल्याकडे किती वेळा परत यावे लागेल? निर्यातदार दुसऱ्या कसोटीत गळतो, त्याचा सल्लागार फोनवर असतो. मुकादमाला वर्षातून दोन-चार व्हिडिओ पुरतात. तिन्हीत टिकतो तो दोन-तीन एकरांचा, स्वतः निर्णय घेणारा बागायतदार.

१९ जुलै

मुलाखतींची पद्धत पक्की केली. 'तुम्हाला कसे व्हिडिओ आवडतील?' हा प्रश्न विचारायचा नाही. त्यावर सगळे सभ्यपणे 'माहितीपूर्ण' म्हणतात आणि त्यातून हाती काही लागत नाही. घडून गेलेल्या गोष्टीच विचारायच्या:

मागच्या हंगामात शेवटचा द्राक्षाचा व्हिडिओ कधी पाहिला? बाग तेव्हा कितव्या दिवसावर होती? काय शोधत होतात? पूर्ण पाहिलात का, नसेल तर कुठे सोडलात? पाहून झाल्यावर काय केले: दुकानात गेलात, कोणाला फोन केला, की तसेच राहिले? त्या दिवशी कोणाचा सल्ला शेवटी मानला?

तयारी असेल तर त्यांना स्वतःच्या फोनमधली पाहिलेल्या व्हिडिओंची यादी आणि शोधपट्टीतले जुने शब्द उघडून दाखवायला सांगायचे. आठवणीतून सांगितलेले आणि फोनमध्ये दिसणारे यांत फरक पडतो. 'मी रोज बघतो' म्हणणाऱ्याच्या फोनमध्ये महिनाभर काहीच नसते, आणि मग पावसाच्या एका आठवड्यात पंधरा व्हिडिओ दिसतात. हा फरकच सगळ्यात मोलाचा.

दहा-बारा जण पुरतात. त्यापुढे उत्तरे तीच तीच येऊ लागतात. मात्र ते वेगवेगळ्या पट्ट्यांतले हवेत: निफाड-दिंडोरीचे, तासगाव-मिरजेचे, पंढरपूर-कासेगावचे, आणि जून-जुलैपासूनच छाटण्या सुरू करणाऱ्या बागलाणचे. घरी गप्पा मारण्यापेक्षा दुकानाच्या काउंटरजवळ उभे राहून विचारलेले बरे. तिथे प्रश्न ताजा असतो आणि हातात औषधाची बाटली असते.

२६ जुलै

मुलाखतींतून निघालेले, महत्त्वाच्या क्रमाने.

शोधताना सगळे दिवस टाकतात. 'द्राक्ष ४५ दिवस फवारणी', 'गोडी छाटणी १८ दिवस जीए', 'पोंगा अवस्था उडद्या'. (जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड, घड आणि मणी वाढवणारे संजीवक; पोंगा म्हणजे काडीवरचा डोळा, म्हणजे अंकुर, फुगून फुटण्याची अवस्था; उडद्या म्हणजे ते कोवळे अंकुर खाणारा भुंगा.) रोगाचे शास्त्रीय नाव कोणी टाकत नाही. बरेच जण मराठी शब्द रोमन लिपीत लिहितात आणि स्पेलिंग प्रत्येकाचे वेगळे. पन्नाशीपुढचे माईकचे चिन्ह दाबून बोलतात. म्हणून व्हिडिओच्या वर्णनाच्या पहिल्या दोन ओळी साध्या बोलीतल्या हव्यात, जशा तोंडातून येतात तशा.

मात्रा प्रतिलिटर सांगितलेली कोणालाच सोयीची नाही. औषध कालवले जाते २०० लिटरच्या ड्रममध्ये. व्हिडिओ तिथेच थांबवून, फोन ड्रमच्या कडेला ठेवून, बोटांवर हिशेब चालतो.

पाहण्याच्या वेळा दोन: रात्री जेवणानंतर, आणि पहाटे फवारणीला निघण्याआधी. पहाटेचा प्रेक्षक नवीन व्हिडिओ शोधत नाही. रात्री पाहिलेल्याच व्हिडिओतली मात्रा पुन्हा बघतो. त्यामुळे तो आकडा दहा सेकंदांत सापडायला हवा.

सल्ला देणारे अनेक असतात आणि त्यांचे एकमेकांशी जुळत नाही. दुकानदार एक सांगतो, शेजारी दुसरे, मागच्या वर्षीच्या वहीत तिसरेच. या माणसाला चौथा सल्ला नको आहे. आधीच्या तिघांतून निवड कशी करायची, हे त्याला हवे आहे. आमच्या मते चॅनेलची जागा इथेच आहे.

२ ऑगस्ट

पान लिहून झाले. भिंतीवर लावले ते जसेच्या तसे (थॉमसन ही द्राक्षाची जात, डॉगरीज हा कलमासाठीचा खुंट):

'दोन एकर थॉमसन, डॉगरीजवर कलम, वाय पद्धतीचा मांडव. माल लोकल बाजाराला, जमले तर निर्यातीला. छाटणी २० सप्टेंबर ते २५ ऑक्टोबरच्या दरम्यान. सल्लागार लावणे परवडत नाही. औषध उधारीवर आणतो, त्यामुळे दुकानदाराला नाही म्हणणे जड जाते. फवारणीची वही ठेवतो. लेबल वाचता येते, पण घटकाचे नाव आणि ब्रँडचे नाव यांची सांगड लागत नाही; एकाच घटकाची दोन औषधे एकाच आठवड्यात मारली जातात. हवामानाचा अंदाज दिवसातून तीनदा बघतो. त्याची भीती: फुलोऱ्यात पाऊस. रात्री साडेनऊला त्याला हवे असते: उद्या काय, किती, आणि काय करू नये.'

माणसाला नाव दिलेले नाही, चेहराही नाही. नाव दिले की त्याचे गाव, कुटुंब, आवडीनिवडी रंगवण्यात वेळ जातो आणि कामाच्या ओळी मागे पडतात. त्याला 'तो' म्हटले असले तरी वही बायकोच्या हातची असते, अशी घरे पुष्कळ आहेत. विरळणी आणि डिपिंगच्या (घड जीएच्या द्रावणात बुडवण्याच्या) वेळी बायकांच्या टोळीवर देखरेख करणारीही बहुतेक घरचीच बाई असते. तेव्हा बोलताना 'शेतकरी मित्रांनो' नको. थेट 'तुमची बाग' म्हणायचे, त्यात सगळे आले.

पानाच्या खाली दुसरी यादी: कोणासाठी नाही. नवीन लागवडवाले, विद्यार्थी, विक्रेते. त्यांनी बघितले तर आनंदच, पण विषय निवडताना त्यांचा विचार नाही.

९ ऑगस्ट

एवढा अरुंद प्रेक्षक पुरेल का, याचा हिशेब.

जाहिरातीच्या उत्पन्नासाठी यूट्यूबची अट १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तास पाहणे. शॉर्ट्स फीडमधला वेळ या तासांत धरत नाहीत. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटे. एका व्हिडिओवर माणूस सरासरी ४ मिनिटे थांबला, तर ६०,००० व्ह्यू लागतील. पण एकच बागायतदार हंगामात २० व्हिडिओंवर आला तर तो एकटा ८० मिनिटे देतो, आणि असे ३,००० बागायतदार पुरतात. महाराष्ट्रात द्राक्षाखाली एक लाख हेक्टरहून अधिक क्षेत्र आहे. एकेका घराकडे हेक्टरभर बाग धरली तरी ३,००० हा त्यातला छोटा भाग.

म्हणजे साठ हजार अनोळखी लोकांनी एकदा डोकावण्यापेक्षा तीन हजार जणांनी वीसदा परत येणे, हे या चॅनेलचे गणित. पुढचे सगळे निर्णय यावरच तपासायचे.

२० ऑगस्ट

दिवसांचा तक्ता. छाटणीचा दिवस शून्य धरला. प्रत्येक टप्प्यावर त्या माणसाला कोणता निर्णय घ्यायचा आहे एवढेच लिहिले. माहितीचे मुद्दे लिहिले नाहीत.

दिवस ०-२: किती डोळ्यांवर छाटायचे, पेस्टिंग (डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला औषध लावणे) किती तीव्रतेचे. दिवस ८-१२: पोंगा, उडद्या, डाऊनीची पहिली फवारणी. दिवस १४-१८: फेल काढणी (नको असलेल्या फुटी काढणे), कोणती फूट ठेवायची, घड जिरत (वाढ न होता विरून जात) असेल तर काय. दिवस १८-२५: फुलोऱ्याआधीचे जीए. दिवस ३५-४५: फुलोरा, डाऊनी, गळ आणि कूज. दिवस ५० ते ६५: सेटिंग (मणी धरणे), विरळणी, डिपिंग. त्यापुढे भुरी (पांढऱ्या भुकटीसारखी दिसणारी बुरशी), पिठ्या ढेकूण (रस शोषणारी कीड), पाणी उतरणे (मणी पिकू लागणे), रेसिड्यू (मालात उरलेला औषधाचा अंश) आणि काढणी.

दिवस सगळे ढोबळ. थंडीत बाग मागे पडते, उष्णतेत पुढे पळते. म्हणून प्रत्येक व्हिडिओत दिवसासोबत अवस्थाही दाखवायची: 'फूट पाच पानांवर आहे आणि घड दिसतोय' हे कॅमेऱ्यात हवे. मोजलेला दिवस आणि दिसणारी अवस्था जुळली नाही, तर प्रेक्षकाने अवस्था धरायची.

२९ ऑगस्ट

शीर्षकाचा साचा: आधी दिवस, मग अवस्था, मग प्रश्न. 'गोडी छाटणी १८ ते २५ दिवस: जीए किती, कधी थांबायचे?' यूट्यूब १०० अक्षरे घेते, पण मोबाईलच्या यादीत शेवटचे शब्द कापले जातात. दिवस शेवटी टाकला तर तो दिसतच नाही. चॅनेलचे नाव शीर्षकात पुन्हा घालायचे नाही, त्यात जागा वाया जाते.

थंबनेल (यादीत दिसणारे व्हिडिओचे चित्र) १२८० बाय ७२० पिक्सेल. देवनागरीची अडचण अशी, की फार जाड फॉन्ट लहान आकारात भरून जातो, रफार आणि वेलांट्या एकमेकींत मिसळतात. मध्यम जाडीचा फॉन्ट, जास्तीत जास्त चार शब्द, आकडा सगळ्यात मोठा. उजवा खालचा कोपरा रिकामा, कारण तिथे व्हिडिओची लांबी छापली जाते. फोटोत वक्त्याचा चेहरा नको, पानाची मागची बाजू हवी. तपासणी सोपी: थंबनेल फोनवर घेऊन हात पूर्ण लांब करून बघायचे. दिवसाचा आकडा वाचता आला तर ठीक.

६ सप्टेंबर

पहिला व्हिडिओ: पेस्टिंग. त्यात वापरायच्या हायड्रोजन सायनामाईडची मात्रा काडीची जाडी आणि तापमान बघून बदलते, तेव्हा एकच आकडा सांगून सुटका नाही. लेबल पडद्यावर धरून दोन काड्या शेजारी ठेवल्या, जाड आणि पेन्सिलीएवढी, आणि फरक दाखवला. हातमोज्यांचा भाग एडिटिंगमध्ये कापायचा नाही. हे औषध हाताळण्याच्या आगेमागे मद्य घेतले तर अंगावर तीव्र परिणाम होतो. पेस्टिंग करणारी टोळीच असते, म्हणून ही सूचना पडद्यावर मोठ्या अक्षरांत आणि तोंडीही दिली. भिंतीवरचा माणूस व्हिडिओ बघेल, पण औषधात हात मजुराचे जाणार आहेत.

२१ सप्टेंबर

यूट्यूब स्टुडिओतला (चॅनेलची आकडेवारी दाखवणाऱ्या भागातला) रिटेन्शनचा, म्हणजे प्रेक्षक कुठपर्यंत टिकतात याचा, आलेख वाचला. सुरुवातीच्या ३० सेकंदांत किती टिकले हे तिथे वेगळे दिसते. पेस्टिंगच्या व्हिडिओत सुरुवात सरळ काडीपासून होती, तिथे गळती कमी. दुसऱ्यात चॅनेलची ओळख आणि लोगोची फिरती पट्टी होती, तिथे आलेख कड्यावरून पडल्यासारखा. नमस्कार, ओळख, 'सबस्क्राईब करा, घंटी दाबा' हे सगळे सुरुवातीतून काढले. आता पहिले वाक्य ठरलेले: 'तुमची बाग आज अमुक ते तमुक दिवसांत असेल तर हा व्हिडिओ.' ज्याची बाग त्या दिवसात नाही तो लगेच निघून जातो, आणि जावाच. उरतो तो शेवटपर्यंत बघतो.

आलेखात एका ठिकाणी उंचवटाही आहे: मात्रेचा तक्ता पडद्यावर आला तिथे. लोक मागे जाऊन पुन्हा बघतात. त्या जागेला आता चॅप्टर (थेट त्या भागावर नेणारी खूण). चॅप्टरसाठी वर्णनात पहिली वेळ ०:०० हवी, किमान तीन नोंदी हव्यात आणि प्रत्येक भाग किमान १० सेकंदांचा. एकही अट चुकली की चॅप्टर दिसतच नाहीत. पहाटेच्या प्रेक्षकासाठी हे लागणारच.

३ ऑक्टोबर

कम्युनिटी पोस्टवर मतदान: 'तुमची छाटणी कधीची?' पर्याय: १५ सप्टेंबरच्या आधी, १५ ते ३० सप्टेंबर, १ ते १५ ऑक्टोबर, त्यानंतर. स्टुडिओ वय, लिंग, देश सांगतो. बाग कितव्या दिवसावर आहे ते सांगू शकत नाही. ते विचारूनच कळते. सर्वाधिक मते तिसऱ्या पर्यायाला.

जीएचा व्हिडिओ याच आठवड्यात. १० पीपीएम म्हणजे लिटरला १० मिलिग्रॅम, २०० लिटरच्या ड्रमला २ ग्रॅम शुद्ध जीए. पावडर ९० टक्क्यांची असेल तर २ भागिले ०.९, म्हणजे २.२ ग्रॅम. हा भागाकार पडद्यावर सावकाश केला. जीए पाण्यात सहज विरघळत नाही. आधी थोड्या ॲसिटोनमध्ये किंवा अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाण्यात घालायचे, ही कृती न कापता पूर्ण दाखवली: भांडे, काटा, ढवळणे, तळाशी गुठळी राहिली का ते. पाण्याचा सामू (पीएच) पट्टीने तपासणेही. व्हिडिओ लांबला, पण त्या माणसाला जिथे अडते ते नेमके हेच.

१६ ऑक्टोबर

कालपासून ३ मिनिटांपर्यंतचा उभा किंवा चौकोनी व्हिडिओ शॉर्ट धरला जातो. आपले छोटे व्हिडिओ आडवेच शूट करायचे, नाहीतर ते आपोआप शॉर्ट्समध्ये जातील.

शॉर्ट्सचा मोह मोठा आहे. पाण्याच्या थेंबांनी भरलेला घड, कात्रीचा आवाज, व्ह्यू धावतात. पण येणारे लोक घड बघायला येतात. त्यातून सबस्क्रायबर वाढले तरी ते २० मिनिटांचा फुलोऱ्याचा व्हिडिओ बघतीलच असे नाही. शॉर्ट एकाच कामासाठी ठेवला: ४० सेकंदांत एक खूण ओळखायला शिकवणे. पानावर वरून तेलकट डाग, उलटे केले की पांढरी बुरशी, ती डाऊनी. शॉर्टच्या वर्णनातले दुवे दाबता येत नाहीत, म्हणून स्टुडिओतून 'संबंधित व्हिडिओ' जोडायचा. शॉर्टवरून मोठ्या व्हिडिओकडे नेणारी खात्रीची वाट तीच.

२५ ऑक्टोबर

दिवस ४० चा व्हिडिओ आज टाकला. यामागचा विचार सविस्तर लिहून ठेवतो, कारण पूर्ण वेळापत्रक यावरच उभे आहे.

२० सप्टेंबरच्या छाटणीचा चाळिसावा दिवस ३० ऑक्टोबर. ५ ऑक्टोबरच्या छाटणीचा १४ नोव्हेंबर. २५ ऑक्टोबरच्या छाटणीचा ४ डिसेंबर. म्हणजे एकाच व्हिडिओची गरज पाच आठवडे पसरलेली आहे. सगळ्यात आधीच्या बागेच्या चार-पाच दिवस अगोदर व्हिडिओ टाकला, की पुढच्या प्रत्येक तुकडीला तो शोधात तयार सापडतो. बागेत अडचण आल्यावर टाकला, तर लवकर छाटणीवाल्यांचा फुलोरा तोवर हातचा गेलेला असतो. म्हणून शीर्षकात महिना नाही, तारीख नाही. 'नोव्हेंबरमधील व्यवस्थापन' असे शीर्षक डिसेंबरात शिळे वाटते, दिवस ४० शिळा होत नाही.

पण दिवस एक असला तरी आभाळ एक नसते. ३० ऑक्टोबरच्या दिवस ४० ला परतीच्या पावसाची शेपूट असू शकते: पाने ओली राहतात, डाऊनी घडात शिरते, गळ आणि कूज होते. ४ डिसेंबरच्या दिवस ४० ला थंडी: फुलोरा लांबतो, सेटिंग मागेपुढे होते, कोरड्या ढगाळ हवेत भुरीची चिंता वाढते. दोघांना एकच सल्ला दिला तर एकाचे नुकसान ठरलेले. त्यामुळे व्हिडिओ दुसऱ्याच मिनिटाला दोन वाटांत फोडला: 'पाने सकाळी ओली असतील तर' आणि 'पाऊस नाही, थंडी आहे तर'. दोन चॅप्टर, दोन वेगळे तक्ते. तिसरी वाटही बोलून दाखवली: पाऊस नाही, डाग नाही, पाने कोरडी, तर आज विश्रांती, एक फवारणी वाचली. ही वाट दुकानात कोणी सांगत नाही.

औषध सांगताना आधी घटक आणि टक्केवारी, ब्रँड नंतर. कोणत्याही औषधाची शिफारस पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीशी ताडूनच करायची, आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबायचे ते सोबत सांगायचे. निर्यातीचा विचार असलेल्या बागेला दिवस ४० च्या फवारणीतही हा आकडा लागतो. हंगामाच्या शेवटी रेसिड्यू सापडल्यावर मागे जाता येत नाही.

१४ नोव्हेंबर

सीटीआर (थंबनेल दिसलेल्यांपैकी किती टक्के क्लिक करतात तो आकडा) खाली आला. कारण बघितले तर इम्प्रेशन, म्हणजे थंबनेल किती वेळा दिसले तो आकडा, वाढले आहेत. व्हिडिओ आपल्या माणसांपलीकडे दाखवला जाऊ लागला की सीटीआर उतरतोच. यूट्यूबच्याच म्हणण्यानुसार निम्म्या चॅनेलांचा आकडा २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असतो. एकूण सरासरी बघायची नाही. शोधातून आलेल्यांचा सीटीआर वेगळा काढायचा, तो आपल्या माणसाचा. तो टिकून आहे, म्हणून थंबनेलला हात लावलेला नाही.

थंबनेलची तुलना करणारी सोय तीन पर्यायांपर्यंत चालते आणि विजेता पाहण्याच्या वेळेवरून ठरवते, क्लिकवरून नाही. हे योग्यच. मात्र इम्प्रेशन थोडे असले तर निकाल लागत नाही. दिवस ५० च्या व्हिडिओवर ती लावून ठेवली आहे.

५ डिसेंबर

सांगली-तासगावकडून बेदाण्याच्या मागण्या. हा प्रेक्षक भिंतीवरच्या पानात बसत नाही. त्याला मण्याचा मोठा आकार नको, साखर हवी. २२ ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेच्या मापाच्या) वर गेल्याशिवाय तो काढणी करत नाही. जीएचा व्हिडिओ त्याने जसाच्या तसा पाळला तर खर्च फुकट. दोन मार्ग होते: प्रत्येक व्हिडिओत 'बेदाण्यासाठी मात्र' असे शेपूट जोडणे, किंवा वेगळी प्लेलिस्ट. शेपटाने दोघेही वैतागतात. फेब्रुवारीत बेदाण्यासाठी तीन व्हिडिओ, वेगळ्या रंगाच्या थंबनेलसह: काढणीची वेळ, डिपिंग ऑइल (वाळवण्याआधी घड बुडवायचे द्रावण: लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट, १५ मिली इथाईल ओलिएट), आणि शेडवर पसरणे. जीएच्या जुन्या व्हिडिओच्या वर्णनात पहिल्याच ओळीत 'हा व्हिडिओ खाण्याच्या द्राक्षासाठी' असे आज टाकले.

१० जानेवारी २०२५

'आजचे द्राक्ष दर' असा रोजचा व्हिडिओ करावा का, यावर चर्चा. करायचा नाही. व्ह्यू मिळतील, पण व्यापारी आणि दलालांचे. त्याचे आयुष्य एका दिवसाचे, आणि उद्याचा दर सांगायची जबाबदारी आपली नाही. दोन एकरवाल्याला दरापेक्षा पिंक बेरीची धास्ती आहे. पाणी उतरताना रात्रीचा पारा घसरला की हिरवा मणी गुलाबी पडतो आणि माल लोकलला फेकावा लागतो. घडांना कागद कधी लावायचा, मणी कोणत्या अवस्थेत असताना, हा व्हिडिओ उद्या. कागद लावायला उशीर झाला तर उपयोग नाही, हे पहिल्याच वाक्यात.

२४ मार्च

हंगामअखेरची तपासणी. बघायचा आकडा एकच: परत येणारे प्रेक्षक. ज्या आठवड्यांत दिवसांच्या क्रमाने व्हिडिओ गेले, तिथे त्यांची रेघ चढती. मधे टाकलेल्या अवजारांच्या व्हिडिओला नवे प्रेक्षक खूप, परतणारे जवळजवळ नाहीत. पुढच्या हंगामात अवजारे बंद, फक्त ब्लोअरचे नोझल आणि त्याचा दाब एवढे राहील, कारण फवारणी वाया जाते ती तिथे.

प्लेलिस्ट दिवसांच्या क्रमाने लावली. एंड स्क्रीनवर (व्हिडिओच्या शेवटी पुढचे व्हिडिओ सुचवणाऱ्या पडद्यावर) 'नवीनतम व्हिडिओ'ऐवजी त्यापुढच्या दिवसाचा व्हिडिओ हाताने जोडला. एंड स्क्रीन ५ ते २० सेकंदांची, त्या वेळात बोलणे चालू ठेवायचे. निरोप घेतला की लोक त्याच क्षणी बाहेर पडतात.

२ एप्रिल

खरड छाटणी (काढणीनंतरची, नवीन काडी तयार करणारी छाटणी) सुरू. शून्य दिवस पुन्हा नव्याने, पण भिंतीवरचे पान बदलावे लागते. बाग तीच, मालक तोच, भीती वेगळी. फुलोऱ्यातला पाऊस नाही, पाण्याचा ताण आहे; पुढच्या वर्षीचे घड याच काडीत तयार होणार आहेत आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. रात्री साडेनऊला तो आता विचारतो: शेंडा कधी मारू, सबकेन (शेंडा मारल्यावर निघणारी बगलफूट) किती पानांवर, पाणी कधी तोडू. मजूर मिळत नाहीत म्हणून छाटणी लांबणारे बरेच, त्यामुळे तारखांचे मतदान याच आठवड्यात घ्यायचे.

नव्या पानाचा मसुदा, सबकेनच्या व्हिडिओसाठी दोन काड्या (एक वेळेवर शेंडा मारलेली, एक सुटलेली), आणि २० एप्रिलच्या आत दिवस ३० चे शूटिंग.